निवडीच्या दिवसाचे बूट

कुणाला खरं वाटणार नाही, पण कॉलेजच्या फुटबॉल संघाची निवड होती तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी एकट्याने सगळ्यांना असं चकवलं की गोलकीपर अजून चेंडू शोधतोय. हे मी नातीला ऐकवत होतो. कॉलेजच्या भालाफेक संघात आल्याचं सांगायला ती मैदानावरून थेट घरी आली होती.

"भालाफेकीचं काय एवढं, बाळ? तुम्ही मुली तिघीच. भाला उचलला की झाली निवड."

"मग उद्यापासून जातच नाही," म्हणत ती बुटांच्या नाड्या सोडू लागली.

मटार सोलत बसलेल्या माझ्या जुळ्या बहिणीने ताट खाली आपटलं. "नाड्या बांध गं. भालाफेकीच्या निवडीला मी तर एकटीच होते. बाकीच्यांना घरातून सोडलंच नव्हतं. मी मागच्या दाराने पळाले." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू रे, थापाड्या, तुझी निवडही त्याच दिवशी होती ना? मग फुटबॉल अनवाणी खेळलास का? तुझे बूट तर पुढे चिंध्या कोंबून मी घातले होते."