पिवळा जिल्हा

"मॅडम, बाई माझ्यासमोर गेली. अंगाला हात लावला तर अजून चटका बसतोय, आणि हा संगणक 'उष्माघात' लिहूच देत नाही!" डॉक्टर उईके फोनवर ओरडत होते.

हेमलताने समोरचा जिल्ह्याचा तापमान-नकाशा पाहिला. बाई राबत होती त्या वीटभट्टीवर सत्तेचाळीस अंश होते आणि रंग पिवळा होता. नव्या कायद्याने उष्माघात फक्त लाल भागातच होत असे. सोमवारी पाहुणे येणार म्हणून लाल रंग पंचेचाळीसऐवजी पन्नासपासून सुरू करा, असं टेंभुर्णेसाहेबांनी सांगितलं होतं. आकडा तिनेच बदलला होता.

"साहेब, तेवढी भट्टी लाल करू?"

साहेब वाटी तोंडाला लावून आमरस ओरपत होते. "एवढ्या प्रसन्न नकाशावर तो एकच डाग? हृदयविकार लिहा म्हणावं." हनुवटीवर ओघळलेला रस त्यांनी बोटाने निपटून चाटला.

हेमलताला त्यांच्यापेक्षा स्वतःच्याच बोटांची जास्त किळस आली. त्याच बोटांनी तिने पन्नास खोडून पंचेचाळीस टाकले.

अख्खा जिल्हा लाल झाला आणि कोपऱ्यातला प्रिंटर खडखडू लागला. गावोगावच्या दवाखान्यांत अडकलेले मृत्यूचे दाखले एकामागून एक बाहेर पडू लागले. एकोणचाळिसाव्या दाखल्याला कागद संपले.

साहेबांच्या हातातली वाटी हातातच राहिली. "इतके कुठून आले?"

"पिवळ्यात होते, साहेब," हेमलता म्हणाली आणि प्रिंटरमध्ये नवे कागद भरू लागली.