दर लाखामागे

नंदकिशोर यांनी आलेखाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. कोपर टेबलावर टेकवले.

"दिसतंय?"

"तिरका धरलाय, बाबा. हं, आता दिसतंय."

पाच देश, पाच स्तंभ. दर लाख माणसांमागे वर्षभरात बंदुकीच्या गोळीने झालेले मृत्यू. जपानचा स्तंभ जमिनीतून उगवायचाच राहून गेला होता. भारताचा नखाएवढा. अमेरिकेचा कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडला होता आणि तेवढाच लाल पेन्सिलीने रंगवलेला होता.

नंदकिशोर यांची सारी नोकरी चाकणच्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात गेली होती. लाखामागे दोष किती, हे भिंतीवर लागल्याखेरीज त्यांचा दिवस उजाडत नसे. आज गुरुवार, औद्योगिक वसाहतीचा सुट्टीचा वार. दुरुस्तीसाठी वीज बंद. निवृत्तीनंतरही त्यांचा रविवार गुरुवारीच येई. बाहेर ढगाळ सकाळ होती. चिंचवडच्या त्या तीन खोल्यांत ते एकटे होते, आणि फोनमधला मुलगा अमेरिकेत, अजून बुधवारच्या संध्याकाळी बसलेला.

"हिंजवडीच्या कंपनीला उद्या उत्तर द्यायचंय ना तुला? पगार कमी, ट्रॅफिक भयंकर, सगळं मान्य. पण इरा सहा वर्षांची आहे, मिहिर. हा स्तंभ नीट बघ आणि मग ठरव."

मिहिर पुढे झुकला. "यात आत्महत्या धरल्यात?"

"सगळेच मृत्यू आहेत."

"कारणानुसार वेगळे नाही केलेत? कंपनीत कुणी असा आलेख आणला असता, तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवला असता."

नंदकिशोर यांनी कागदावर नजर टाकली. चूक शिकाऊ माणसाने करावी तशी होती.

"यातले निम्म्याहून जास्त लोक इथे स्वतःवरच गोळी झाडून घेतात, बाबा. त्यात म्हातारे पुरुष खूप. एकटे राहणारे..."

मिहिर थांबला. आपले वाक्य कुठे जाऊन पोचले, हे त्यालाही उशिराच कळले.

"तुम्ही... जेवता ना वेळेवर?"

"मंजुळाबाई येतात की पोळ्यांना. उपाशी नाही मरत मी."

"बाबा, मी कालच कळवलं हिंजवडीला. नाही म्हणून."

कागद हळूहळू खाली आला. नंदकिशोर यांनी त्याची वळलेली कड तळहाताने सपाट केली, मग पुन्हा एकदा केली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "उगाच कुणाला लटकत ठेवू नये."

मग कुणीच काही बोलेना. पंखा बंद होता. त्या शांततेला घरघरीचाही आधार नव्हता.

फोनच्या कडेतून इराचा चेहरा वर आला. तिने आजोबांच्या पाठीमागची अंधारी खोली पाहिली आणि आवाज अगदी बारीक केला.

"आजोबा, तुमच्याकडे ड्रिल चाललंय?"

"कसलं ड्रिल, बाळा?"

"बंदूकवाला आला तर करायचं ते. आम्ही करतो ना शाळेत. दिवे बंद. कोपऱ्यात बसायचं. टीचर सांगेपर्यंत अजिबात बोलायचं नाही."

"इरा, पुरे," मिहिर म्हणाला आणि त्याने तिला घाईने जवळ ओढले. ती त्याच्या हातातून निसटून पुन्हा कॅमेऱ्याशी आली.

"पण आम्ही सगळे एकमेकांचा हात धरतो," ती कुजबुजली. "तुमच्याबरोबर कोण लपलंय?"