पिवळ्याची गुलाबी

दुर्बिणीने पोटातून काढलेला कणभर तुकडा डॉक्टरांनी पिवळ्या पट्टीवर ठेवला होता. अर्ध्या तासात पट्टी गुलाबी झाली. सुमित्रा कोरगावकर टेबलापलीकडून बघत होत्या. आपल्याला कॅन्सरच आहे असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

“गाठ वगैरे काही नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पोटात एक जंतू आहे. तो युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतो, त्यानेच हा रंग बदलतो. गोळ्यांनी जाईल. घरात आणखी कुणाला जळजळ होते?”

“घरात मी एकटीच असते.”

“मग लहानपणी आला असेल. एका घरात वाढलेल्या भावंडांत तो बहुधा तेव्हाच पसरतो. कुणाला त्रास असेल तर तपासून घ्यायला सांगा.”

बाहेर बाकावर बसून त्यांनी धाकट्या बहिणीचा, वसुधाचा नंबर शोधला. आईला कुणी सांभाळायचं यावरून दोघी भांडल्या होत्या आणि आई गेल्यावर बोलणंच संपलं होतं.

“वसू, तुझ्या पोटात जळजळ होते का गं?”



“होते. कितीतरी वर्षं. का विचारतेस?”

सुमित्राबाईंनी जंतूचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. वसुधाने मध्येच विचारलं, “दुर्बीण घालताना सोबत कोण होतं, अक्का?”

“नर्स होती.”

त्यानंतर बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.