उलटा ओटा

वरचं कपाट उघडायला एजंटबाईंनी हात नेला, तो मुठीऐवजी बिजागरीवर पडला. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

"इथेच घोडं अडतंय, काका. घर बघायला आलेली माणसं बाहेरच्या खोल्यांत खूश असतात. इथे आली की गप्प होतात. सगळं उलटं आहे ना."

"उलटं नाही." म्हातारा गॅसपाशी उभा राहून दूध ढवळत होता. "बायकोच्या हाताचं आहे. डावरी होती ती."

त्याची मुलगी दाराला टेकून उभी होती. तिने विचारलं, "विकण्याआधी ओटा नवा केला तर घातलेला पैसा निघतो का, ताई?"

"निघतो, वर थोडा सुटतो. स्वयंपाकघर चकचकीत असलं की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही."

"सुतारही तिला म्हणाला होता," म्हातारा म्हणाला. "वहिनी, हे उलटं होईल. तर ही म्हणते, तुमचं उलटं ते माझं सुलटं. मुकाट खिळे ठोका."

मुलीला हसू आलं. "पण बाबा, आता डावरं कोण आहे घरात? तुझंच कोपर रोज त्या कपाटावर आपटतं."

"आपटू दे. आता ओळख झालीये."

म्हाताऱ्याने पळी पातेल्याच्या कडेला निथळवली. "ओटा बदलून जेवढे वाढतील म्हणता, तेवढे कमी सांगा. पण हे असंच विका."

"काका, घेणारा पहिल्याच आठवड्यात हे तोडणार."

"तोडू दे त्याला. मी तोडून गेलो, असं नको."

तो पुन्हा दूध ढवळू लागला. एजंटबाईंनी मोबाइल काढला, दोन पावलं मागे सरून फोटो घेतला आणि अंगठ्याने तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला. "हे बघा. काम झाल्यावर साधारण असं दिसेल. तुमचा हात मध्ये आलाय, तो कापून टाकते."

त्याने हात पुसले आणि मोबाइल लांब धरून पाहिलं. फोटोत सगळं चार घरांत असतं तसं होतं. कपाटांच्या मुठी जिथे असाव्यात तिथे. गॅसवर पातेलं. त्याचा चेहरा आला नव्हता, अंगही नाही. कोपरापासून पुढचा हात तेवढा आला होता, पातेल्यात पळी फिरवणारा.

डावा.

दूध वर आलं. मुलीने पुढे होऊन गॅस बंद केला. "बाबा, त्यांचा मोबाइल दे."

त्याने दिला नाही. तिने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"काय मग, करायचं ना नवं?" एजंटबाईंनी विचारलं.

"हात कापू नका, ताई," मुलगी म्हणाली. "आणि किंमत कमीच सांगा."