दिलावरभाईंचा डावा पाय

“अब्बा, पाय दाखवा.”

मुबश्शिरा शाळेत रजा टाकून बीडहून सिरसाळ्याला आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा तिनं अजून उतरवली नव्हती. खाटेवर बसलेल्या दिलावरभाईंनी पाय आणखीच पोटाशी घेतले.

“आधी पाणी तरी पी, बेटा.”

“पाणी नको. सकाळपासून फोन बोंबलतोय माझा. डावी टाच लाल दाखवतोय. कुठं फिरलात?”

“कुठंच न्हाई. अल्लाकसम.”

लेकीला रडूच यायला लागलं. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात अख्खी हयात गेलेला हा माणूस. गेल्या वर्षी पायात खिळा घुसला आणि हे तसेच दिवसभर गॅरेजमध्ये काम करत राहिले. साखरेनं तळपाय बधिर झालेले. दुखलं असतं तर पाय उचलला असता, पण दुखलंच नाही. अंगठा कापावा लागला. पुन्हा जखम झाली तर पाय घोट्यापासून जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून तर ही सँडल आणली. आत रबरासारखा मऊ, पातळ थर आणि त्यात दाब ओळखणारे बारीक ठिपके. पायाला जे कळत नाही ते फोनला कळतं. एका जागी फार दाब पडत राहिला की मुबश्शिराच्या फोनवर तिथं लाल होतं. डॉक्टर म्हणाले होते, घरातही हीच घाला. पण जिथं नमाज पढायची तिथं चप्पल? तोबा! दिलावरभाई घरात जाड मोजे घालत आणि सँडल दाराशीच असायची.

“फोन कावून खोटं बोलंल, अब्बा?”

“मग मी कावून बोलू? माझा पाय हाय तो. मला न्हाई का त्याची काळजी?”

भिंतीशी तांदूळ निवडत बसलेली जिनत, मुबश्शिराची आई, इतका वेळ ऐकत होती. ताट बाजूला सारून ती उठली.

“ह्यांचं काय खरं धरतीस? जित्याची खोड. मी घरात असले की गुमान बसत्यात. मी शेळ्यांना बघायला गेले की गॅरेजात पळत असतील.”

“बघा! अम्मीसुद्धा तेच म्हणती.”

“तिला काय ठावं? ती तर बाहीरच असती!”

“बसा भांडत,” म्हणत जिनत मागच्या शेळ्यांच्या वाड्यात निघून गेली.

मुबश्शिरानं मोजे ओढून काढले. तळवा उजेडाकडं धरला, टाच दाबून पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. पाय स्वच्छ होता. लाली नाही, फोड नाही, काही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. डावी टाच पुन्हा लाल. आणि खाली अक्षरं उमटली, ‘चालणे सुरू’.

बापाचा पाय तर तिच्या मांडीवर होता.

तिनं दाराकडं पाहिलं. येताना तिथं सँडल होती. आता नव्हती.

“अम्मी!”

हातात रिकामी पाटी घेऊन जिनत दाराशी आली. पायात नवऱ्याची ती मोठाली सँडल फटक फटक वाजत होती.

“ही घालून फिरतीस तू?”

“मग? दाराशी जी दिसली ती घातली. माझी कुठं हुडकत बसू?”

दिलावरभाई असे हसले की खाट करकरली. “आता बोल! मघापासून मला चोर ठरवून ठेवलं मायलेकींनी!”

मुबश्शिराला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. तिनं बापाचे पाय धरले. “चुकलं अब्बा. माफ करा.” छातीवरचा धोंडाच उतरला होता. पाय शाबूत होता आणि बाप खरं बोलत होता. जिनतही तोंडाला पदर लावून हसत दाराशी टेकली.

“काढ बाई ती आता. पुन्हा घातलीस तर बघ.” मुबश्शिरानं सँडल उचलली आणि पुसायला उलटी केली. डाव्या टाचेखाली बाभळीचा काटा आरपार घुसला होता. तिनं आत बोट घातलं. आतला थर ओला होता. बोटाला रक्त लागलं.

“अम्मी, खाली बैस. पाय बघू.”

काट्याचं टोक टाचेत मोडून बसलं होतं आणि भोवती सकाळपासूनचं रक्त काळं पडलं होतं. मुबश्शिरानं काट्यावर बोट ठेवलं आणि जोरानं दाबलं.

“दुखतंय का गं?”

जिनत अजून हसतच होती. “कुठं?”