दहीसाखर

"आई, ये ना लवकर. पुष्य नक्षत्र लागलंय," पुष्करने बाहेरच्या खोलीतून हाक मारली.

वसुंधराबाई दहीसाखरेची वाटी घेऊन आल्या. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि समोरची खुर्ची त्यांच्यासाठी ओढून ठेवलेली होती. या घरात कुठलंही मोठं काम त्यांच्या हातून व्हायचं. त्यांच्या हाताला यश आहे, असं त्यांच्या नवऱ्याने, गोपीनाथरावांनी, स्वतःला रेल्वेत नोकरी लागली तेव्हापासूनच ठरवून टाकलं होतं; यश आलं नाही तर मुहूर्त चुकला म्हणायची सोय होतीच. पुष्करने आणि त्याची बायको अनुश्री हिने ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मागितला, तेव्हाही बटण त्यांनीच दाबलं होतं.

"हे कशाचं आहे?"

"माझा तिथला रिटायरमेंटचा पैसा. समज, आपला पीएफ. जॉब सोडला, देश पण सोडला, तर आता तो परत मिळतो."

"मग मिळू दे की."

"मिळेल ना. बस, आधी व्हिसा खतम पाहिजे. माझा अजून चालू आहे, तर तो कॅन्सल करा म्हणून आपणच सांगायचं. एक क्लिक, आई."

गोपीनाथराव इंदूरच्या लालबागेत सकाळचं फिरून नुकतेच आले होते. बूट काढता काढता म्हणाले, "दाब, दाब. पैसा यायला उशीर झाला तर सिमरोलवाला प्लॉट कोणी दुसराच घेऊन जाईल."

वसुंधराबाईंनी बोट पुढे केलं आणि तिथेच थांबवलं. पुष्कर सुट्टीवर म्हणून आला होता. राजीनामा त्याने इथूनच धाडला, हे अनुश्रीला अजून ठाऊक नव्हतं. ती तिकडे मेलबर्नला एकटी. दिवसा म्हाताऱ्यांच्या केंद्रात काम, संध्याकाळी नर्सिंगचा अभ्यास. शेवटची परीक्षा दिवाळीनंतर होती. ती झाली की मी माझ्या पायावर उभी, आई, असं रोज फोनवर सांगायची.

आणि पहिल्यांदा तिकडे जाताना पुष्करनेच समजावलेलं त्यांना आठवलं. व्हिसा माझा आहे, अनुश्री माझ्या व्हिसावर येते. मी इंजिन, ती डबा. रेल्वेवाल्याच्या घरात एवढं चटकन कळतं.

"पुष्कर, इंजिन काढून घेतलं तर डब्याचं काय रे?"

उत्तर गोपीनाथरावांनी दिलं.

"डबा यार्डात येतो. अजून कुठे जाणार?"

बापलेक एकदमच हसले. म्हणजे हे दोघांचं आधीच बोलून झालं होतं.

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर ती हो म्हणेल का?" पुष्कर अगदी मऊ आवाजात बोलला. "टेन्शन नको घेऊ. तिला तिकडून मेल येईलच. घरीच तर येणार आहे, जेलमध्ये थोडीच चालली आहे?"

"अन् परीक्षा?"

"इंदूरमध्ये पण कॉलेज आहेत, आई."

मुलगा जवळ राहावा, हे त्यांना हवंच होतं; खोटं कशाला बोला. सूनही घरात वावरताना त्यांनी कितीदा मनात पाहिली होती. पण आत्ता त्यांना भीती वाटली. आपल्याच पोराची भीती वाटावी, याची लाजही वाटली. त्यांनी बोट मागे घेतलं.

"तूच दाब."

"असं कसं? शुभ काम आहे."

तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने त्यांचा हात हातात घेतला. पाटीवर श्री गिरवताना त्या त्याचा हात धरायच्या तसाच, जराही न दुखवता. बोट खाली गेलं. जोर सगळा त्याचाच होता की थोडा त्यांचाही, हे त्यांना कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"हो गया," पुष्कर म्हणाला. वाटी त्यांनी त्याच्यासाठी भरून आणली होती. त्याने चमचा भरला आणि आधी आईच्या तोंडात घातला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. या वेळेला तो अनुश्रीचाच असायचा, तिची जेवणाची सुट्टी असायची. पुष्करनेच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"आई, परीक्षेची तारीख आली! पहिला फोन तुम्हालाच केला. अजून पुष्करला पण नाही सांगितलं. आणि सेंटर घराजवळच मिळालंय, पायी जाता येईल... आई? ऐकू येतंय ना?"

पुष्करने आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"आईच्या तोंडात दहीसाखर आहे," तो फोनवर वाकून म्हणाला. "आत्ताच एक शुभ काम झालं तिच्या हातून."

"अय्या, तू पण आहेस का तिथे? कसलं शुभ काम हो, आई?" अनुश्री हसली. "थांबते मी. सावकाश खाऊन घ्या, मग तुम्हीच सांगा."

गोपीनाथराव बूट कपाटात ठेवायला आत गेले. फोनमधून अनुश्रीच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती खरंच थांबली होती.

साखर केव्हाच विरघळली होती. वसुंधराबाईंनी तोंड मिटलेलंच ठेवलं.