वळायला जागा

मॉडेलमध्ये आता एकच लाल ठिपका उरला होता. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात.

"काय ठिपकेबाई, आज तरी शून्य का?" नळकामाच्या इंजिनिअरने दारातूनच विचारलं.

"एक आहे. तुमच्याच पाइपाचा."

भिंत, तुळई, पाइप, वायर, सगळं आधी संगणकावरच्या मॉडेलमध्ये बसवायचं. दोन गोष्टी एकमेकींत घुसल्या, की तिथे लाल ठिपका उमटायचा. ते शोधणं तिचं काम. इथे पाइप घुसला होता तो व्हीलचेअर वळायला लागणारी मोकळी जागा म्हणून मॉडेलमध्ये आखलेल्या वर्तुळात. साइटवर कुणीतरी तो वीतभर सरकवला होता आणि वर टाइल्सही चढल्या होत्या.

प्रकल्पप्रमुखांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पाइप हलवायचा म्हणजे खालपासून वरपर्यंत उपटायचं. उद्या इमारत सोपवायचीय. ते वर्तुळच काढून टाक ना. ते कुठे बांधायचंय आपल्याला?"

"सर, उद्या इमारतीबरोबर मॉडेलही जाणार. पुढे दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण तेच उघडून बघणार. त्यात सगळं ठीक दिसलं, तर हा पाइप कुणी कधीच हलवणार नाही."

"अगं, माणसं काय, घेतात सवय करून."

तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. ऑफिस त्याच मजल्यावरच्या एका रिकाम्या वॉर्डात होतं. ती उठली आणि ते बसलेले असतानाच त्यांची ऑफिसातली चाकांची खुर्ची मागून ढकलू लागली.

"अगं, वेडबिड लागलं का?" ते हसले. पण उठायचा त्यांनाही कंटाळा आला होता.

न्हाणीघरात खुर्ची सरळ आत गेली.

"आता वळा, सर. आणि दार लावा."

खुर्ची अर्धी वळली. गुडघे टाइल्सना टेकले, पाठ बेसिनला. त्यांनी पाय रोवून एकदा इकडे, एकदा तिकडे रेटून पाहिलं. दार काही हाताला येईना. मागोमाग आलेला इंजिनिअर हसणार होता, पण हसला नाही.

मग ते उठले. पॅन्टवरची धूळ झटकली आणि चालत बाहेर आले.

"ते वर्तुळ काढून टाक," तिच्याकडे न बघता म्हणाले आणि ऑफिसकडे निघून गेले.

खुर्ची बाहेर काढायला दोघांना ती उचलावी लागली.